हेल्मेटच्या खोक्यात ठेवलेलं पत्र

अमळनेर,
मंगळवार, रात्री

चि. ताईस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

खोकं उघडलंस की हे पत्र आधी हाताला लागेल. खाली तुझ्यासाठी नवं हेल्मेट आहे. ते बघून पुन्हा रागावू नकोस, आधी वाच. रविवारी रात्री तुझ्या जुन्या हेल्मेटवरून मी बोललो त्यातलं निम्मं रागाच्या भरात होतं. पण आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सणाला घरी आलेली पोर अर्ध्या ताटावरून उठली, हे तुझ्या आईला अजून लागून राहिलंय. मोठी आई तर माझ्याशी बोलतच नाही. असो.

सोमवारी सकाळी तू निघालीस तेव्हा मी शटरपाशी उभा होतो. बोरी नदीच्या पुलापर्यंत तुझ्याकडे बघत होतो. हेल्मेट डोक्यावर होतं, ते मान्य. पण पट्टा मोकळा होता, कानामागे वाऱ्यावर फडफडत होता. एवढ्यासाठीच हे पत्र. बाकी काही सांगायचं नाही मला.

तू ज्याला माझी उचकापाचक म्हणालीस ती तुझ्या हेल्मेटचं अस्तर धुवायला काढलं तेव्हाची. गालाच्या दोन्ही गाद्या बटणावरून सोडवल्या, डोक्यावरचं कापड ओढून काढलं, आणि आतला काळा थर्माकोल उघडा पडला. मागच्या बाजूला, मान संपते तिथे, दोन खोलगट खड्डे. त्यात माझं करंगळीचं टोक बसलं. तुझा केसांचा क्लचर तिथे रोज रुतत होता. माथ्याच्या जरा डावीकडे आणखी एक लांबट खड्डा. हेल्मेट आरशावर अडकवलं की आरशाचा दांडा नेमका तिथे टेकतो. बाहेर, तुमच्या बाइकवाल्या ग्रुपचं स्टिकर काढलं त्या जागी, कवचावर केसासारख्या बारीक भेगा. ते डिंक तू पेट्रोलने पुसलंस ना? बाहेरचं कवच पॉलिकार्बोनेटचं आहे, पेट्रोल आणि थिनरने ते आतून ठिसूळ होतं. आणि थर्माकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकून बघ, डोळ्यांसमोर भोक पडतं.

आता तू म्हणशील, एवढ्याशा खड्ड्याने काय होतं. ताई, हेल्मेटमध्ये डोकं वाचवतो तो हा थर्माकोलच. कवच मार पसरवतं, गाद्या फक्त हेल्मेट डोक्यावर नीट बसायला. आपटताना थर्माकोल चेपतो, आणि तो चेपायला जो क्षणाचा अंश लागतो तेवढाच वेळ मेंदूला थांबायला मिळतो. तो एकदाच चेपतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा पडलेलं हेल्मेट बाहेरून कोरं दिसलं तरी गेलंच समजायचं. तुझं क्लचरने आणि आरशाने आधीच जागोजागी चेपून ठेवलंय. पडलं नसेल तरी पाचेक वर्षांनी बदलावं, कारण घाम, तेल आणि आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन त्याला सोडत नाही.

पण नवं हेल्मेट आणि मोकळा पट्टा, यापेक्षा मला तुझं ते जुनं आणि लावलेला पट्टा चालला असता. पडताना मार एकदाच बसत नाही. आधी समोरच्या गाडीचा किंवा हॅंडलचा, मग रस्त्याचा. पट्टा मोकळा असला तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट उडून शेतात जातं आणि दुसऱ्या माराला डोकं उघडं. कायद्यातही नुसतं हेल्मेट घाला असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ते पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं असावं असंच म्हटलंय. हेल्मेटसाठीच्या आयएस ४१५१ या भारतीय मानकात पट्ट्याची वेगळी चाचणी असते. त्याच कायद्यात दंड १,००० रुपये आणि लायसन्स तीन महिने जमा, ही २०१९ पासूनची गोष्ट तुला माहीत आहे. दंडाची मला पर्वा नाही. नाक्यावर पोलीस दिसला की चढवायचं आणि पुढे गेलं की कोपराला लटकवायचं, हे तुमच्या ग्रुपमधली पोरं करतात ते मी बघितलंय. तू नाही करत, मला माहीत आहे. पण पट्टा?

बघ, भाषण झालं. माफ कर. तुझ्या आईने आताच विचारलं, किती लिहिताय.

आखाजीला कडुनिंबाला झोका बांधायचो तेव्हा तू सहा-सात वर्षांची असशील. दोराची गाठ तू स्वतः ओढून बघायचीस. एकदा नाही, तीनदा. आणि बाकीच्या पोरींना म्हणायचीस, थांबा, आधी मी लोंबकळून बघते. फ्रॉकला चिखल, कपाळावर गुलाल, आणि दोन्ही हातांनी दोर धरलेला. ती पोर आता ३५० सीसीची गाडी घेऊन चांदसैलीचा घाट चढते, आणि तिथले लोक विचारतात ही कोणाची मुलगी. तू लाजून सांगत नसशील. मी इथे दुकानात येईल त्याला सांगतो. साखळी किती ढिली आहे हे तुला फूटपट्टीशिवाय बोटाने कळतं. चाकातली हवा तू थंड टायरवरच मोजतेस. माझ्याकडे काम शिकलेल्या चार पोरांपेक्षा तुझा हात चांगला आहे. हे तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहितोय.

म्हणून तर कळत नाही, साखळीचं ढिलं तुला चालत नाही आणि पट्ट्याचं कसं चालतं.

तुझी कारणं मला पाठ आहेत. ऊन. खरं आहे, वैशाखात अमळनेर काय आणि नंदुरबार काय, हेल्मेटात डोकं शिजतं. पण तू डोक्यावरून स्कार्फ, त्याची मागे गाठ, वर अंबाडा आणि मग हेल्मेट घालतेस. त्यात हेल्मेट दोन बोटं वर बसतं, कपाळ उघडं राहतं, आणि पट्टा हनुवटीखाली पोचतच नाही. तो मोकळा का राहतो याचं अर्धं उत्तर तुझ्या अंबाड्यात आहे. केस मानेच्या खाली सैल वेणी घालून सोड, क्लचर पर्समध्ये टाक. स्कार्फऐवजी पातळ सुती टोपी घाल, दोन पाठवल्यात. एक धुवायची, एक घालायची. घाम ती शोषते, केसही कमी तुटतात. तोंडाला रुमाल हवा तर नाकावर बांध, पण त्याची गाठ हेल्मेटच्या आत मागे येऊ देऊ नकोस. कडक गाठीवरच डोकं आपटतं.

इथल्या इथे जायचंय, हे दुसरं. उभ्या माणसाचं डोकं नुसतं तोल जाऊन दीड मीटरवरून खाली आलं तरी जमिनीला ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने लागतं. गाडी उभी असली तरी. आणि साठच्या वेगात तू सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जातेस. दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल तर सेकंदभर दिसायलाच लागतो. शहाद्याकडे उसाच्या हंगामात, आपल्याकडे कापसाच्या, या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर पडते, आणि त्यावर ब्रेक लावला की चाक साबणावर आल्यासारखं सरकतं. हे तुला मी सांगायचं म्हणजे! तुला माहीत आहे सगळं.

हॉर्न ऐकू येत नाही म्हणतेस. वाऱ्याचा आवाज कमी होतो, हॉर्न येतो. ऐकू येत नाही ते तुमच्यातल्या त्या पोरांच्या फाटक्या सायलेन्सरमुळे.

२०२२ साली देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं गेली, हा सरकारचा आकडा. त्यातली १४,३३७ मागे बसलेली. हा दुसरा आकडा तुझ्यासाठी लिहिला. खोलीवरच्या मैत्रिणीला तू रोज मागे बसवतेस आणि तिच्या डोक्यावर नुसती ओढणी असते. ती एका बाजूला पाय सोडून बसते हेही मी बघितलं. गाडीचं साडी गार्ड तू काढून ठेवलंयस, दिसायला बरं वाटावं म्हणून. ते परत बसव. ओढणी किंवा साडीचा पदर चाकात गेला की बाईच खाली ओढली जाते. तिच्यासाठी दुसरं हेल्मेट पुढच्या आठवड्यात पाठवतो, माप कळव. शिवणाची टेप भुवयांच्या वर एक इंच, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवायची. सेंटिमीटरमध्ये लिही. तुझं ५६ आहे, म्हणून स्मॉल पाठवलंय. मागचं तू मिडीयम घेतलं होतंस कारण दुकानात ते लगेच डोक्यात शिरलं. नवं हेल्मेट लगेच शिरलं तर ते मोठं असतं, कारण महिन्याभरात गाद्या दबतात.

आता घाल. दोन्ही पट्टे धरून बाहेर ताण आणि मग डोक्यात ओढ. गाल आत दाबले जातील, काही चावलंस तर गाल दाताखाली येईल. इतकं हवं. डावीकडे-उजवीकडे फिरव, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. मग पट्टा लाव, हनुवटीच्या टोकावर नाही, मागे गळ्याला लागून. पट्ट्याखाली दोन बोटं जातील, तीन जाऊ नयेत. आता मागची कड धरून पुढे ढकल, जसं कोणी मागून टोपी उडवतंय. डोळ्यांवरून निघून आलं तर पट्टा ढिला आहे किंवा माप चुकलंय. जुन्या हेल्मेटवर हे मी रविवारी तुझ्या भावाच्या डोक्यावर करून दाखवत होतो तेव्हाच तू उठलीस.

याचं लॉक दातांच्या पट्टीचं आहे, टकटक आत जातं. पट्टीची लांबी एकदा मापाला लावायची आणि दर महिन्याला बघायची, कारण बकलातून ती हळूहळू सरकत ढिली होते. दात झिजून गुळगुळीत झाले की बसल्यासारखं वाटतं आणि ओढलं की निसटतं. लावल्यावर एकदा खाली ओढून बघत जा. तुझ्या मैत्रिणीचं दोन कड्यांचं घेईन. ते तिला शिकव. पट्टा दोन्ही कड्यांतून न्यायचा, मग परत फिरवून एकाच कडीतून. टोकाचं छोटं बटण पट्टा फडफडू नये म्हणून असतं. नुसतं ते लावून लॉक झालं समजतात, ते चूक.

मागे स्टिकरवर आयएसआयची खूण आहे, वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एलचा, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाक, कंपनीचं नाव येईल. मी टाकून बघितलाय, तूही बघ. महामार्गावर चादरीवर मांडून दोन-तीनशेला विकतात त्यांच्यावरही खूण असते, नुसती छापलेली.

काच पारदर्शक पाठवली. काळी काच दिवसा बरी, पण तुला फिरतीवरून यायला अंधार होतो. धूळ बसली की कोरड्या रुमालाने पुसू नकोस, आधी पाणी. नाही तर समोरचा प्रत्येक दिवा ओरखड्यांतून फाकतो.

तुझी आई म्हणते, शेवटी जेवणाचं लिहा. खोक्यात बिबडे आहेत, कुरडया आहेत, लाल मिरचीचं तिखट वेगळ्या पिशवीत. हेल्मेटच्या आत भरलेलं नाही, तिला भरायचं होतं. पारोळ्याच्या मामांचं ऑपरेशन पुढे ढकललं. मोठी आई म्हणते, पोरीला लिही, जपीसन जाय, जपून जा.

शुक्रवारी धडगावकडे फिरती आहे म्हणालीस. त्याआधी खोलीवर अर्धा तास घालून बस. गाल आवळले तर हरकत नाही, कपाळाच्या एकाच जागी ठणकलं तर परत पाठव, बदलून देतो. पोचलं की आईला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझे
आप्पा

ता. क. जुनं हेल्मेट कोणाला देऊ नकोस, कितीही मागितलं तरी. टाकून देताना त्याचा पट्टा दोन्ही बाजूंनी मुळापासून कापून टाक, म्हणजे उकिरड्यावरून उचलून कोणाचं पोर ते घालणार नाही.