तेल मोजून, भाजी पोटभर

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

लो-कार्ब म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार सुरू करायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, म्हणून तेल-तूप आणि भाज्यांबद्दल सविस्तर लिहिते. पण आधी औषधांचं. बाबा, तुमच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ताटातलं काहीही कमी करू नका. कर्बोदकं घटली की रक्तातली साखर खाली येते. अशा वेळी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी जुन्याच डोसने चालू राहिलं, तर ती फार खाली जाऊन चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी मधुमेहाची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर आणखी जपायला हवं. या गोळ्यांवर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. बीपीच्या गोळीचा डोसही तपासून घ्या. आई, रक्त पातळ ठेवायला तू वॉरफरिन घेतेस. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून पालेभाजी एकदम वाढवू नकोस. रोज साधारण सारखीच खा आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेव.

आता तेल-तूप. यात कर्बोदकं जवळपास शून्य असतात आणि तिथेच माणसं फसतात. ‘कार्ब्स नाहीत ना, मग घाला सढळ हाताने’ असं होतं. कुठलंही तेल असो, एका ग्रॅमला 9 कॅलरी. 15 मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 14 ग्रॅम, 120 कॅलरी. बाटली थेट कढईत उपडी केली की दोन-तीन चमचे कधी पडले ते कळतही नाही. म्हणून चमच्याने मोजूनच घाला. मात्र धान्य कमी केलं आणि भीतीपोटी तेलही तोडलं, तर दोन जेवणांच्या मध्ये कडकडून भूक लागते आणि चार दिवसांत सगळं सुटतं. तेव्हा तेही नको.

रोजच्या फोडणीला ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचं तेल ठेवा. खोबरेल तेलात 80 टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) असते, लोण्यात निम्मी, तुपात साधारण 60 टक्के. संपृक्त चरबीतून दिवसाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी येऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1800 कॅलरींच्या आहारात हे 20 ग्रॅम होतात. खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यातच 11-12 ग्रॅम संपतात. म्हणून तूप चवीपुरतं, वरून लहान अर्धा चमचा. लो-कार्बवर काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच वाढतं, त्यामुळे सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा लिपिड तपासणी कराच.

आचेचंही भान ठेवा. लोण्यात पाणी आणि दुधाचे कण असतात. ते कण 150 अंशांच्या आसपास करपून कडू होतात. तुपात ते गाळून काढलेले असतात, म्हणून तूप जास्त आच सोसतं. जवसाचं तेल कधीही तापवू नका, ते कोशिंबिरीवर कच्चंच. तेल धुरावलं तर ओतून द्या, आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. पाकिटावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ लिहिलेलं दिसलं की ते खाली ठेवा. त्यात हृदयाला घातक असं ट्रान्स फॅट असतं.

भाज्यांत ‘जमिनीवरची चालते, खालची नाही’ हा नियम ढोबळ आहे. मुळा जमिनीखालचा, पण त्यात तंतू वजा जाता 100 ग्रॅमला दोन ग्रॅमही कर्बोदकं नाहीत. उलट मटार 9, मका 16. गाजर आणि कांदा सातच्या आसपास. फोडणीत अर्धा कांदा चालतो, कांद्याची घट्ट ग्रेव्ही नाही. एका मध्यम बटाट्यात (150 ग्रॅम) सुमारे 23 ग्रॅम कर्बोदकं. तेवढ्यात तुमचा दिवसभराचा भाजीपाला होऊन उरतो: पालक 200 ग्रॅम, फ्लॉवर 300, काकडी 100, टोमॅटो 100 मिळून जेमतेम 18. वजन कच्च्या भाजीचंच करा, कारण शिजल्यावर पालक मूठभर होतो.

बिघडतं ते बहुतेक दोन भाज्यांत. वांगं तेल पितं. त्याचा गर स्पंजसारखा हवेने भरलेला असतो. फोडी तेलात पडल्या की दोन चमचे क्षणात गायब, कढई कोरडी दिसते, आपण आणखी ओततो. मग गर शिजून बसला की तेच तेल ताटात सुटतं. यावर उपाय सोपा आहे: फोडी आधी पाच मिनिटं वाफवा, नाहीतर मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि दाबून पिळा. मग एक चमचा तेल पुरतं, फक्त नंतर वरून मीठ बेताने. फ्लॉवर किसून भातासारखा करायचा असेल तर पसरट कढई घ्या, आच मोठी, झाकण नाही, पाणी नाही, आणि मीठ शेवटी. पाच-सहा मिनिटांत दाणे मोकळे होतात. झाकण ठेवलं की वाफेने लगदा होतो आणि उग्र वास सुटतो. किसाची गर्दीही करू नका, 300 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दोन वेळा परता.

कोशिंबिरीवर लहान चमचाभर तेल असू द्या. अ आणि के जीवनसत्त्वं अंगी लागायला चरबी लागतेच. पाणी कमी पडू देऊ नका, नाहीतर बद्धकोष्ठ होतो. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर पालक-टोमॅटोतल्या पोटॅशियमबद्दल आधी विचारा.

बाबा, गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो आजच पाठवा. आई, तुझा शेवटचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा) रिपोर्टही त्यासोबत पाठव.

तुमची लेक