सीट गरम केली म्हणून क्लेम नाकारायचा का?

मा. परिवहन मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

सीट गरम करणारी तार कारखान्यातच बसवायची, वर सॉफ्टवेअरचं कुलूप घालायचं आणि ते उघडायला दरमहा पैसे मागायचे, हा प्रकार बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत करून पाहिला. लोक भडकले, कंपनीने माघार घेतली. पण धंद्याची ही रीत काही गेली नाही, आणि कुलूप आलं की ते फोडणारेही आलेच. 2023 मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी टेस्लाच्या स्क्रीनमागच्या प्रोसेसरचं व्होल्टेज नेमक्या क्षणी पाडून त्याची सुरक्षा ओलांडली आणि विकतच्या सोयी फुकट मिळवता येतात हे दाखवून दिलं.

हे योग्य की अयोग्य, तो वाद कंपन्या आणि ग्राहक घालतीलच. माझं म्हणणं विम्याबद्दल आहे.

गाडीत बदल केला तर कळवा, नाहीतर क्लेम नाकारू, अशा अर्थाचं कलम बहुतेक पॉलिसींत असतं. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे टर्बो, रुंद चाकं, खाली केलेलं सस्पेन्शन होतं. सर्व्हेअरला बॉनेट उघडलं की दिसतील असे बदल. आता त्याच कलमात गरम सीटही सापडते आणि इंजिनाची वाढवलेली ताकदही. ताकद वाढली, ब्रेक आणि टायर तेच राहिले, तर जोखीम वाढते. तिथे विमा कंपनीची तक्रार रास्तच आहे. सीट गरम झाल्याने मागून येणारा ट्रक थांबायचा राहत नाही. (अर्थात कुठून तरी उतरवलेलं फुकट सॉफ्टवेअर गाडीत घालणाऱ्याला, सीटबरोबर आणखी काय उघडलं, हे कळत नसतं. हॅकिंगची वकिली मी करणार नाही.)

खरी गंमत पुढे आहे. फोक्सवॅगनने 2025 मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.3 या विजेवरच्या गाडीची वाढीव ताकद महिना 16.50 पौंडांना देऊ केली. गाडीची नोंद आधीपासून पूर्ण ताकदीचीच आहे, त्यामुळे विमा कंपनीला वेगळं कळवायला नको, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे जी ताकद वापरायला मिळत नाही, तिच्या हिशेबाने हप्ता ठरणार! मग अशा गाडीचं कुलूप कुणी फोडलंच, तर विमा कंपनीची जोखीम कुठे वाढली? बुडाले ते उत्पादकाचे पैसे. ते त्याने कोर्टात जाऊन वसूल करावेत, अपघातग्रस्ताच्या क्लेममधून नव्हे.

म्हणून नियम करा: सॉफ्टवेअरमधल्या बदलाचा अपघाताशी संबंध असेल तरच क्लेम नाकारता यावा, आणि तो संबंध विमा कंपनीने सिद्ध करावा. त्यासाठी गाडीतला लॉग, म्हणजे गाडीत कधी काय झालं याची आपोआप होणारी नोंद, लागतो, आणि तो उत्पादकाच्या हातात असतो. विमा कंपनीला जी नोंद मिळेल ती मालकालाही, त्याच दिवशी, फुकट मिळाली पाहिजे. धडक बसलेल्या तिसऱ्या माणसाची भरपाई या भांडणात एक दिवसही अडकू नये; आधी पैसे द्या, मग मालकाकडून काय वसूल करायचं ते करा.

आणि जुनी गाडी घेणाऱ्याचं काय? आधीच्या मालकाने काय उघडून ठेवलंय हे त्याला बाहेरून कळणं शक्य नाही. मालकी बदलताना कारखान्यातलं सॉफ्टवेअर आणि आत्ताचं सॉफ्टवेअर यांतला फरक दाखवणारा दाखला सक्तीचा करा. तोपर्यंत, न केलेल्या बदलापायी त्याचा क्लेम नाकारायला विमा कंपन्यांना मनाई करा.

कळावे,
एक वाहनधारक