गुन्हेकथांचा क्रम महत्त्वाचाच

रविवारच्या पुरवणीतील युरोपीय गुन्हेकथांवरचा लेख आवडला. मात्र ‘मालिकेतले कोणतेही पुस्तक आधी वाचा, फरक पडत नाही’ हा त्यातला सल्ला पटला नाही. जॉर्ज सिमेनॉन यांच्या मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेबाबत तो ठीक आहे. त्या ७५ कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण तिथल्या तिथे मिटते. स्कँडिनेव्हियन मालिकांचे तसे नाही. नॉर्वेजियन लेखक जो नेस्बो यांच्या हॅरी होल मालिकेत तिसऱ्या कादंबरीत (२०००) सुरू झालेला धागा पाचवीत (२००३) संपतो. इंग्रजीत मात्र पाचवी २००५ मध्ये आली आणि तिसरी २००६ मध्ये! स्वीडिश लेखक हेनिंग मँकेल यांचेही तेच: वॉलँडर मालिकेतली पाचवी इंग्रजीत १९९९ ला, दुसरी थेट २००१ ला. इंग्रजी आवृत्तीचे साल बघून नेस्बो वाचणाऱ्याला शेवट आधीच कळतो आणि तिसरीतला सगळा ताण वाया जातो.

उपाय सोपा आहे. शीर्षकपानाच्या मागे मूळ प्रकाशनवर्ष बहुधा छापलेले असते, ते पाहावे. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या ग्रंथालयाची परंपरा लाभलेल्या आपल्या शहरात, वाचनालयांनी तारखेच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने मालिकेतला क्रमांक लिहिला तरी वाचकांची मोठी सोय होईल. नेस्बोंची ती तिसरी कादंबरी घेताना १९४० ते ४५ मधल्या जर्मनव्याप्त नॉर्वेवरचे एखादे इतिहासाचे पुस्तकही जरूर सोबत न्यावे. पूर्व आघाडीवर जर्मनांच्या बाजूने लढलेल्या नॉर्वेजियन स्वयंसेवकांचे संदर्भ त्याशिवाय नीट उलगडत नाहीत.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर