लुआंग प्रबांगहून पत्र

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जयभीम.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलं, "तिकडं खाता काय?" म्हणून आधी भाताचंच लिहिते. लाओसच्या या गावात सकाळ-संध्याकाळ चिकट भातच असतो. तांदूळ रात्रभर भिजत घालतात. सकाळी निथळून बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरतात आणि ती टोपली उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवून नुसत्या वाफेवर शिजवतात. हातानं छोटा गोळा करायचा, चटणीला लावायचा आणि खायचा. जेओ बोंग नावाची मिरचीची चटणी झणझणीत असते, पण तिच्यात म्हशीचं कातडं घालतात, त्यामुळे आधी विचारून घ्यावं लागतं. आई, केळीच्या पानात वाफवलेला मासा तुला नक्की आवडेल. नदीतलं शेवाळ तीळ-लसूण लावून वाळवतात आणि कुरकुरीत तळतात. मला तर त्याची चटकच लागली आहे.

मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. 1995 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. 1560 च्या सुमाराचं वाट शिएंग थोंग हे विहार पाहताना तुमची फार आठवण आली. त्याच्या मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांचं अख्खं झाड उभं केलंय.

पहाटे भिक्खू अनवाणी, एका रांगेत येतात. बायाबापड्या चटईवर गुडघे टेकून प्रत्येकाच्या पात्रात चिमूट-चिमूट भात घालतात. कोणी बोलत नाही. काही पर्यटक मात्र अगदी तोंडाजवळ कॅमेरा नेतात, त्याचा मला फार राग आला. बाबा, धम्माची पुस्तकं तुम्ही आयुष्यभर वाचलीत. हे तुम्ही डोळ्यांनी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून म्हणते, भारी धान कापून, चुरून झाला की जानेवारीत दोघंही चला. तेव्हा इथं पाऊस नसतो आणि हवा गार असते. फूसी टेकडीला तीनशेवर पायऱ्या आहेत. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी ती आपण सोडूनच देऊ. बाकी जुनं गाव हळूहळू पायी फिरता येतं. खर्चाचं मी पाहते, बाबा, त्यावर वाद नको. पासपोर्टसाठी आधार कार्ड आणि जन्माचा दाखला काढून ठेवा. दोन्हीत नाव सारखं आहे ना, तेवढं तपासा. दिवाळीला आले की अर्ज भरू.

तुमची लेक