पेन तिच्याच हातात राहू दे

कराड,
१९ जानेवारी

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. इतक्या वर्षांनी तू हाताने चार पानं लिहिलीस, म्हणजे मनाला किती लागलंय ते पाकीट फोडण्याआधीच कळलं. लेकीला बारावीच्या प्रिलिमला गणितात ८० पैकी ३१ पडले, दार लावून बसते, जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणते, आणि बोर्ड आता तीन-चार आठवड्यांवर आलंय. वहिनींचाही रात्रभर डोळा लागत नाही, असं लिहिलंयस. शेवटी विचारलंयस की, 'मला स्वतःला आता काही आठवत नाही, मग मी तिला मदत तरी काय करणार?' त्या एका वाक्यासाठी हे उत्तर सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. आता नवा क्लास लावू नकोस. नवे सर पहिल्यापासून सुरू करणार, त्यांची वेगळी पद्धत, वेगळ्या नोट्स, आणि त्या उतरवून काढण्यातच महिना संपणार. तिच्याकडे बालभारतीची दोन्ही पुस्तकं आहेत, वर्षभराच्या वह्या आहेत. साहित्य भरपूर आहे. कमी आहे ते तिच्याशेजारी शांतपणे बसणारं माणूस.

माझ्याकडून दोन वर्षांपूर्वी एक चूक झाली, ती तुला सांगायलाच हवी. शेजारची एक मुलगी परीक्षेआधी अशीच घाबरून आली होती. मी मोठ्या हौसेने १०० पानी वही घेतली आणि अवघड अवघड उदाहरणं स्वतः सोडवून दिली. रोज संध्याकाळी तिला समजावून सांगायचो, ती मान डोलवायची, 'कळलं काका' म्हणायची. मलाही बरं वाटायचं. पेपर झाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "काका, तुम्ही सोडवलेलं मला सगळं कळत होतं. मी सोडवायला घेतलं की पहिली ओळच सुचत नव्हती." मुकुंदा, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. महिनाभर पेन माझ्या हातात होतं. सराव झाला तो माझा.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. मुलं येतात, पडवीत सतरंजीवर बसतात, मी त्यांच्या शेजारी बसतो आणि पेनाला हात लावत नाही. पेन कुठल्या ओळीला थांबतं, एवढंच बघतो.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. पाटणकडच्या एका गावातला मुलगा आहे, इथे आत्याकडे राहून बारावी करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. म्हणाला, "काका, इंटिग्रेशन मला येतच नाही." मी म्हटलं, एक सोडव माझ्यासमोर. उदाहरण साधं होतं: एक भागिले एक्स वर्ग अधिक ४ एक्स अधिक १३. त्याने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि थांबला. सूत्र विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवलं, एक भागिले ए, टॅन इन्व्हर्स एक्स भागिले ए. म्हणजे इंटिग्रेशन त्याला येत होतं! त्याला छेद सूत्राच्या रूपात आणता येत नव्हता. 'कम्प्लीटिंग द स्क्वेअर' हे शब्द त्याने वर्गात दहा वेळा ऐकले होते, पण ते नेमकं काय असतं हे विचारायची हिंमत झाली नव्हती. मी एवढंच विचारलं, "दहावीला वर्गसमीकरण पूर्ण वर्ग करून सोडवायचास ना?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग स्वतःच पुटपुटला, ४ चं निम्मं २, त्याचा वर्ग ४, तेरातले ४ घेतले की उरले ९. एक्स अधिक २ चा वर्ग, अधिक ३ चा वर्ग. आणि खाली झरझर उत्तर लिहीत गेला. शेवटी अधिक सी लिहून त्याभोवती चौकट केली. "हे तेच आहे?" म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. दीड वर्ष तो स्वतःला ढ समजत होता, आणि अडलं होतं फक्त एका नावापाशी.

मला याची फार तळमळ वाटते. मराठीतून शिकलेल्या मुलाला निश्चयक येतो, पण डिटरमिनंट म्हटलं की तो बिचकतो. संभाव्यता येते, प्रोबॅबिलिटी म्हटलं की नवीनच काही आहे असं वाटतं. कुणीतरी शेजारी बसून 'अरे, हे तेच' म्हणणारं लागतं. तुझी लेक सेमी-इंग्लिशची आहे, तिला ही अडचण कदाचित नसेल. पण तिचंही पेन बहुतेक वेळा नव्या धड्यात अडत नसणार. अडत असेल ते नववी-दहावीच्या बीजगणितात, चिन्हात, अपूर्णांकात, नाहीतर त्रिकोणमितीच्या एखाद्या सूत्रात. ते सापडलं की पुढची दहा उदाहरणं आपोआप सुटतात.

म्हणूनच तुला काही आठवत नाही, याची अजिबात काळजी करू नकोस. तू तिच्या शेजारी बस आणि फक्त विचार, "ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली?" तुला खरंच ठाऊक नाही, त्यामुळे तुझा प्रश्न खोटा वाटणार नाही, आणि परीक्षा घेतल्यासारखाही वाटणार नाही. तिला तुला समजावून सांगावं लागेल. सांगता सांगता ती जिथे अडखळेल, तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची. उत्तर मागच्या पानावर छापलेलं आहेच, ते तू सांगायची गरज नाही.

पेपरचंही थोडं लिहितो, कारण ३१ मधले काही गुण नुसत्या बेशिस्तीने गेले असतील अशी मला शंका आहे. पेपर ८० गुणांचा, पण छापलेले प्रश्न एकूण ११२ गुणांचे असतात. दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ८ पैकी ५ सोडवायचे. म्हणजे ३२ गुणांचं तिने सोडून दिलं तरी चालतं. घाबरलेलं पोर पहिल्याच न येणाऱ्या उदाहरणाशी झटत बसतं आणि येणारी पाच तशीच राहतात. तीन तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, चार गुणांच्या उदाहरणाला नऊ. घड्याळ लावून नऊ मिनिटं म्हणजे किती, हे तिच्या हाताला कळू दे. बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं. नुसतं अक्षर लिहिलं तर गुण मिळत नाहीत. १६ गुणांचा तो प्रश्न आहे. प्रिलिमची उत्तरपत्रिका काढ आणि तेवढं आधी बघ. एल.पी.पी.ला, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या उदाहरणाला, आलेख-कागद लागत नाही, कच्ची आकृती चालते, हेही पुष्कळांना माहीत नसतं आणि पट्टी-पेन्सिलीत वेळ जातो.

रोज किती, असं विचारशील. सकाळी ताज्या डोक्याने एक तास, रात्री जेवणं आटोपल्यावर एक तास. लॉजिक आणि मॅट्रिसेसने सुरुवात करा, कारण तिथे चार दिवसांत हात बसतो आणि 'मला येतंय' ही भावना परत येते. व्हेक्टर आणि इंटिग्रेशन नंतर. सीईटीचं नाव महिनाभर घरात काढू नका.

मुकुंदा, खरं तर हे मी तुझ्याकडूनच शिकलोय. १९९३ सालची आपली बारावी आठव. माझा लिमिट्सचा पाठ कोरा होता. पेपरच्या आदल्या संध्याकाळी तू मला प्रीतिसंगमावर घेऊन गेलास, घाटाच्या पायरीवर वही उघडून माझ्या मांडीवर ठेवलीस आणि तासभर कृष्णेकडे बघत बसलास. मी चिडून म्हणत होतो, अरे सांग ना. तू म्हणालास, "तू लिही, मी इथेच आहे." अंधार पडेपर्यंत माझी सहा उदाहरणं झाली होती. तू एकही सोडवून दिलं नव्हतंस. मला गणितात मिळालेले गुण आज आठवत नाहीत, पण ती पायरी आठवते. तुला हे आठवत नसेल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आज रात्रीच तिच्या खोलीत जा. काही बोलू नकोस, चहाचे दोन कप घेऊन जा आणि बस. आणि उद्या तिने सोडवलेल्या एखाद्या पानाचा फोटो मला पाठव. खाडाखोड असेल तशीच असू दे, पान फेअर करायला लावू नकोस. ती थांबली ती ओळ मला बघायची आहे. रविवारी दुपारी मी मोकळा आहे, तिला बोलावंसं वाटलं तर काकाला फोन कर म्हणावं. नाही वाटलं तरी काही हरकत नाही.

वहिनींना नमस्कार सांग. लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
विनू