बाबा, सुकाणू आईच्या हातात द्या

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. न.

पणजीच्या बसनं पार्सल पाठवलंय, त्यात तुमच्या शिडाच्या बोटीच्या सुकाणूचा बुश आहे, म्हणजे सुकाणू ज्यात फिरतं ती नळी. उद्यमबागेतल्या तुमच्या दोस्ताकडे जुना बुश घेऊन गेले, तर त्यांनी कॅलिपर लावून आधी तुम्हालाच झापलं. "जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, आणि पाण्यात नायलॉन चालवून घेतो? नायलॉन पाणी पिऊन फुगतं की हो! सुकाणू आवळणार नाही तर काय?" आधीच्या मालकानं बसवलेला असेल म्हटलं, तर ऐकून घेईनात. मग डेलरिनचा, म्हणजे पाण्यात फारसं न फुगणाऱ्या प्लास्टिकचा रॉड काढला आणि माझ्यासमोरच टर्निंग करून दिला. पैसे घेतले नाहीत. बोटीत बसवून आणा म्हणाले, तेवढं लक्षात ठेवा.

कुंदा पाठवलेला नाही, या उन्हात बसमध्येच वास मारेल. गोकाकचा करदंट आहे, तो टिकतो. बाबांनी दिवसाला एकच वडी खायची.

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये मालवणला जायचं म्हणताय. जावा की. माझी ना नाही. शेजारच्या काकू अजून विचारतात, "ह्या वयात समुद्रात काय करायलेत हो ते?" मी सांगते, सुखात हाईत. रिटायर झालेली माणसं हॉलमध्ये टीव्हीसमोर म्हातारी होताना रोज बघते, त्यापेक्षा तुमचं हे मला पटतं. आणि आई, तुझं माहेर खानापूरचं. म्हादई त्याच तालुक्याच्या रानात उगम पावते आणि पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. जिच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक भांडतात, तिच्यावरच तुमची बोट नांगरून आहे. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीला वळसा घालून आले, ती शिडाची बोटही गोव्यातच बांधलेली आणि तिचं नाव 'म्हादई'. हे मी काकूंना सांगितलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

पण दोंदे एकटे होते, सगळं त्यांना एकट्याला येत होतं. तुम्ही दोघं आहात आणि येतं फक्त बाबांना. माझी तक्रार एवढीच आहे.

मी आले होते तेव्हा पुढचं शीड अडकलं आणि बाबा सुरक्षेचा पट्टा न लावता बोटीच्या नाकाकडे गेले. आई सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती, नजर समोर नाही, बाबांच्या पायांवर. "अहो, आता काय करू?" तर बाबा तिकडून ओरडले, "काही करू नको, नुसती धरून बस!" त्या क्षणी बाबांचा पाय घसरला असता तर? बोट पाच नॉटनं चाललेली, म्हणजे मिनिटाला दीडशे मीटर. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, तेही थोडाच वेळ. आई धरून बसली असती, आणि बोट तिला घेऊन पुढं गेली असती.

घरीही हेच झालं, बाबा. आईचं लायसन्स कपाटात पडून आहे, कारण "ट्रॅफिक फार आहे, मी सोडतो". तिथं ते खपलं. दुसऱ्या रेल्वे गेटावर गाडी बंद पडली तर चार माणसं ढकलायला येतात. समुद्रात कोण येणार?

म्हणून मालवणच्या आधी एक दिवस द्या. मांडवीच्या तोंडाशी, सकाळच्या शांत वाऱ्यात. बाबांनी हाताची घडी घालून बसायचं, तोंडही बंद. इंजिन आईनं सुरू करायचं, शीड आईनं चढवायचं आणि उतरवायचं, नांगरही तिनंच टाकायचा. मग बाबांनी न सांगता एक रिकामा कॅन पाण्यात फेकायचा आणि तो तिनं परत आणायचा. आई, तरंगणारं जे हाताला लागेल ते आधी त्याच्या दिशेनं फेक, नजर हलवू नकोस, बोट वाऱ्याच्या तोंडावर आण म्हणजे ती थांबते. कॅन उचलणं सोपं आहे. भिजलेले, दमलेले बाबा तुला ओढून वर घेता येतील का? त्यासाठी मागं पाण्यातूनही खाली ओढता येईल अशी शिडी लावून घ्या. हे मात्र निघायच्या आधीच, नंतर बघू नको.

रेडिओची भीती वाटते म्हणालीस. रविवार पेठेत व्यापाऱ्याशी कानडीत घासाघीस करणारी बाई तू! मदत मागायचा चॅनल 16, बटण दाबायचं, बोटीचं नाव, जीपीएसवरचे आकडे, काय झालंय ते. हिंदीत सांग.

मार्गाबद्दल माझ्या ऑफिसातल्या वेंगुर्ल्याच्या माणसाशी बोलले. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर अंतर कापून घ्या. दुपारी वायव्येचा सुटला की तो उत्तरेला जाणाऱ्याच्या तोंडावरच येतो. पणजी ते मालवण साधारण 40 सागरी मैल, म्हणजे सगळं जमलं तरी आठ तास, आणि वारा तोंडावर आला की जास्तच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक, तिथं अंधारात शिरायचं नाही. वेंगुर्ल्याला मुक्काम करा. रात्री मासेमारीची जाळी इंजिनच्या पंख्यात अडकण्याचा ताप वेगळाच.

निघताना मला एकच मेसेज: कुठून कुठं, किती वाजेपर्यंत, आणि किती वाजल्यानंतर मी कोस्ट गार्डच्या 1554 ला फोन करायचा. ती वेळ आईनं ठरवायची. बाबा "उद्या सकाळपर्यंत वाट बघ" म्हणतील.

पावसाळ्यात बोट कुठं ओढून ठेवणार तेही मेच्या आत ठरवा. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच क्रेन हवी असते.

घरचं ठीक आहे. नळाला एक दिवसाआड पाणी, टाकी धुऊन घेतली.

तुमची लेक

ता. क. बुश बसवताना हातोडी मारू नका, असा निरोप आहे. दाबून बसतो, नाही बसला तर घेऊन या.