सुटकेचा दिवस कोणत्या खात्याकडे येतो?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

मी नाशिकला जेलरोडला राहते. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगितला की तो क्षणभर बघत राहतो. आम्हाला त्यात काही वाटत नाही. इथली शाळा जेलरोडची, भाजीबाजार जेलरोडचा, दवाखानाही जेलरोडचा. कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती दरवर्षी विक्रीला येतात आणि आमच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांत त्याच बसतात. हे सांगते कारण हे पत्र लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटणाऱ्यांबद्दल आहे, आणि ते वाचून, ही बाई तुरुंगातल्या माणसांना फासावर द्या म्हणणाऱ्यांपैकी आहे, असे तुम्हाला वाटू नये.

गेली नऊ वर्षे मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या, खटल्यांत सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. तक्रारीपासून साक्षीच्या दिवसापर्यंत मुलीसोबत आणि तिच्या घरच्यांसोबत असणे, हे ते काम. निकाल लागला की ते कागदोपत्री संपते.

मागच्या वर्षी जूनमध्ये रात्री साडेनऊला सातपूरहून एका आईचा फोन आला. "ताई, तो आलाय. चौकात चहा पीत उभा होता."

गुन्हा 2018 चा. मुलगी तेव्हा चौथीत होती, हा माणूस शेजारच्या गल्लीतला. जामीन मिळाला नाही, खटला चालला, सात वर्षांची सक्तमजुरी झाली. कच्च्या कैदेतला काळ वजा झाला, माफीचे दिवस धरले गेले आणि एक दिवस तो सुटला. त्याच्या भावाला तारीख ठाऊक होती, कारागृहाला तर होतीच. मुलीच्या आईला ती कळली चहाच्या टपरीवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी सभ्य होते, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "शिक्षा भोगून आलाय, ताई. आता मोकळा माणूस आहे. त्याने काही केलं तर लगेच फोन करा."

काही केले तर. म्हणजे कोणाच्या तरी मुलीला आधी काहीतरी व्हायला हवे. मला राग आला, पण कायद्याने ते चूक बोलत नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

जामिनाच्या वेळी बलात्काराच्या गंभीर कलमांत फिर्यादीला हजर ठेवावे लागते, तशी तरतूद आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ ने तर पीडिताला जामीन, पॅरोल, सुटका या प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडायचा हक्क दिला आहे. मग पोक्सोतल्या नऊ वर्षांच्या मुलीला, 'तो अमुक तारखेला सुटतो आहे' एवढे एका ओळीचे पत्र का मिळत नाही? यासाठी दिल्लीहून कायदा यायची वाट बघायला नको. तारीख कारागृहाच्या नोंदवहीत असते, फिर्यादीचा पत्ता पोलीस ठाण्यात असतो, आणि दोन्ही तुमच्याच खात्याची.

आता नाशिकरोड कारागृहाचीच एक जुनी गोष्ट. मुंबईतल्या एका तरुणीच्या घरात शिरून विनयभंग आणि खून केल्याबद्दल जन्मठेप भोगणारा बंदी 2016 मध्ये इथून पॅरोलवर गेला आणि परतलाच नाही. तो सापडला ऑक्टोबर 2017 मध्ये, थेट काश्मीरमध्ये. तो परतला नाही म्हणून तेव्हाच गदारोळ झाला होता आणि ऑगस्ट 2016 मध्ये सरकारने नियम बदलून बलात्काराच्या बंद्यांची फर्लो, म्हणजे कैदेतून मिळणारी ठरावीक दिवसांची रजा, बंद केली. लोकांना बरे वाटले, मलाही वाटले. पुढे लक्षात आले, की यामुळे आपण फक्त मधली दारे बंद केली, शेवटचे दार कोणीच बंद करू शकत नाही. दहा वर्षांची शिक्षा झालेला माणूस कधीतरी सुटणारच. पूर्वी तो मधूनमधून पंधरा-वीस दिवस घरी यायचा, पोलीस ठाण्यात हजेरी लावायचा, कसा वागतो ते दिसायचे. आता तो एकदम बाहेर पडतो, हजेरी नाही, अट नाही, विचारणारे कोणी नाही. ज्याच्यावर सर्वांत जास्त लक्ष हवे, त्याच्यावरची नजर आपण एका दिवसात, सकाळ-संध्याकाळच्या अंतराने काढून घेतो.

असे किती जण पुन्हा तोच गुन्हा करतात? एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, अहवाल दरवर्षी जाडजूड निघतो. 2022 मध्ये देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले, हे त्यात सापडते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेल्यांपैकी पाच वर्षांत किती जण तशाच गुन्ह्यात परत आत आले, हा आकडा त्यात नाही. तो कोणी लपवलेला नाही, तो मोजलाच जात नाही.

परदेशात मोजतात. कॅनडातल्या संशोधकांनी 1998 मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा चार-पाच वर्षांत साधारण शंभरात तेरा जण पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले होते. पंधरा वर्षे मागोवा घेतला तर हे प्रमाण चोवीसच्या आसपास गेले. 'एकदा केलं तो पुन्हा करणारच' असे आपण ओट्यावर बसून म्हणतो, ते या आकड्यांत बसत नाही. आणि 'शिक्षा झाली, सुधारला' हेही बसत नाही. तेरा म्हणजे फक्त सापडलेले. ज्या देशात मुलगी तोंड उघडायलाच वर्ष घालवते तिथे उरलेल्या सत्त्याऐंशींबद्दल छातीठोक बोलू नये. मुंबईतल्या शक्ती मिलमधले सामूहिक बलात्काराचे प्रकरण आठवा. ऑगस्ट 2013 चा गुन्हा उघडकीला आल्यावर त्यातल्या काहींनी जुलैतही तेच केल्याचे समोर आले. वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठी आणलेले नवे कलम 376इ तिथे लागले, तिघांना फाशी झाली, 2021 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. पण त्या दोन गुन्ह्यांच्या मध्ये तुरुंग नव्हता, तक्रार न होणे होते.

यातली कामाची गोष्ट अशी, की धोका सगळ्यांत सारखा नसतो. अनोळखी मुलांना गाठणारा, आधीही शिक्षा झालेला, वयाने तरुण, अशांचा धोका बराच जास्त असतो, आणि वय वाढेल तसा तो उतरतो. हे ताडायला तिकडे दहा प्रश्नांचा एक तक्ता वापरतात, स्टॅटिक-99 नावाचा. त्यातली बहुतेक माहिती निकालपत्रात आणि कारागृहाच्या फाइलमध्ये पडलेलीच असते. तो तक्ता जसाच्या तसा इथे चालेल असे माझे म्हणणे नाही, पण काहीच न विचारण्यापेक्षा दहा प्रश्न बरे.

सभा घेतली की हमखास कोणीतरी उठून म्हणते, "त्यांचे फोटो चौकात लावा." अमेरिकेत हे तीस वर्षे चालू आहे, इंटरनेटवर पत्त्यासकट. न्यू जर्सीत हा कायदा 1994 मध्ये आला, तिथल्याच पुढच्या अभ्यासात त्याने पुनर्गुन्हे कमी झाल्याचे दिसले नाही. मला त्याहून मोठी अडचण दिसते. आपल्याकडे बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरात नव्वदांहून अधिक आरोपी मुलीच्या ओळखीचे असतात: काका, सावत्र बाप, शेजारी, शिकवणीवाले. काकाचा फोटो चौकात लागला की पुतणी कोण हे गल्लीला विचारावे लागत नाही. पोक्सोच्या कलम 23 ने मुलीची ओळख झाकायची आणि सरकारनेच ती फलकावर टांगायची! शिवाय ज्याला कोणी खोली देत नाही, काम देत नाही, तो सज्जन होत नाही, फक्त गाव बदलतो. सातपूरचा तो माणूस आता भावाच्याही घरी नाही. कुठे आहे ते त्या सभ्य अधिकाऱ्यांनाही माहीत नाही.

यादी पोलिसांपुरती असावी, आणि ती आहे. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली, तेव्हाच तिच्यात चार लाखांहून अधिक नावे होती. ठाण्यात मी तिच्याबद्दल विचारले तर एकमेकांकडे बघणे झाले. त्यांची चूक नाही, कोणी शिकवलेच नसेल. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, तिथल्या अभ्यासक्रमात दोन तास या नोंदीला देता येतील.

दुसरे हत्यारही गंजत पडले आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 394, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 356. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाने सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला राहता पत्ता आणि त्यातला बदल कळवत राहावा, असा आदेश न्यायालय देऊ शकते. नऊ वर्षांत मी एकाही सरकारी वकिलाला तो मागताना ऐकलेले नाही. याचे नियम करायचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि सरकारी वकिलांना परिपत्रक काढायला तर विधेयकही लागत नाही. विधेयकांचे आपले नशीब माहीत आहेच, डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या, महिला व मुलांवरील अत्याचारांविरुद्धच्या 'शक्ती' विधेयकाचा अजून कायदा झालेला नाही. तुमच्या आधीच्यांनी त्यावर भाषणे भरपूर केली.

आतल्या उपचारांबद्दल मात्र जपून लिहिते. 'समुपदेशन सुरू करा' हे सोपे उत्तर आहे. इंग्लंडच्या तुरुंगांत असा मोठा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला. 2017 मध्ये तपासले तर त्यात बसलेल्यांचे पुनर्गुन्ह्याचे प्रमाण न बसलेल्यांपेक्षा किंचित जास्तच निघाले, शंभरात आठच्या जागी दहा. तो त्यांनी बंद करून नवे सुरू केले. चुकीचे उपचार करून मोजणे आणि बंद करणे हेही एक सरकार करू शकते, हे वाचून मला हेवा वाटला. याउलट कॅनडात 1994 पासून एक साधी पद्धत आहे: सुटलेल्या, कोणी नसलेल्या माणसाभोवती चार-पाच तयार स्वयंसेवक. ते त्याला खोली शोधून देतात, दवाखान्यात नेतात, आणि तो शाळेच्या आसपास दिसला तर 'तिथे काय करत होतास' असे तोंडावर विचारतात. सोबत आणि पाळत, दोन्ही एकाच माणसांकडून. आपल्याकडे हे काम जवळपास परिविक्षा अधिकाऱ्याचे, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचे. पण तो महिला व बालविकास खात्याचा, कारागृह तुमचे, मानसोपचार आरोग्य खात्याचे. सुटकेचा दिवस या तिघांच्या मधल्या फटीत पडतो.

म्हणून माझी विनंती एकाच शहरापुरती आहे. कारागृह जेलरोडला, पोलीस अकादमी त्र्यंबक रोडला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला. राज्यात आणखी कुठे या तीन संस्था एका रिक्षाभाड्याच्या अंतरावर आहेत? येत्या वर्षभरात नाशिकरोडहून सुटणाऱ्या लैंगिक गुन्ह्यांतल्या बंद्यांची यादी काढा. सुटकेच्या तीन महिने आधी तिन्ही खात्यांचा एकेक माणूस एका टेबलाशी बसू द्या. कोणाचा धोका किती, तो राहणार कुठे, त्याला दर आठवड्याला कोण भेटणार, आणि मुलीच्या घरी कोण जाऊन सांगणार, एवढे ठरवा. पाच वर्षांनी किती जण परत आत आले ते छापा, आकडा वाईट निघाला तरी. सिंहस्थासाठी या शहरात जो खर्च चालला आहे त्यात याचा हिशेब चिल्लरमध्येही धरता येणार नाही.

सिंहस्थाच्या आढावा बैठकीला आपले येणे होतेच. तेव्हा अर्धा तास काढलात तर मी आणि त्या आई कारागृहाच्या दाराशी येऊन भेटू.

आपली,
जेलरोड, नाशिकरोड येथील एक सपोर्ट पर्सन

ता. क. मुलगी आता बारावीला आहे. तिचा क्लास त्याच चौकात होता, तो बदलावा लागला. भरलेली फी परत मिळाली नाही.